अब्बांना माइक द्यायचा की नाही

२२ एप्रिल, मंगळवार

आज अब्बा बोलले. लकव्याचा झटका आल्यापासून पहिल्यांदा.

मंचरच्या दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या सोनल मॅडम आहेत, माझ्याच वयाच्या. त्यांनी नेहमीसारखी चित्रं समोर धरली. केळं, गाय, छत्री. अब्बा चित्राकडे बघायचे, ओठ हलवायचे आणि मान खाली घालायचे. उजवा हात मांडीवर दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पडलेला. शेवटी मॅडम चित्रं गोळा करता करता सहज म्हणाल्या, "काका, नाव तरी सांगा की. तुमचं नाव काय?"

अब्बांची मान एकदम ताठ झाली.

"घरात का दारात?"

मॅडमना वाटलं, हे खरंच विचारतायत. "बरं, घरात काय?"

"घरात 'अहो', दारात 'अरे'!"

तोच जुना पल्लेदार आवाज. बाहेर बाकावर नंबर लावून बसलेली माणसं खो खो हसली. मॅडमही हसल्या. मी हसले आणि मग तिथंच ओढणीत तोंड खुपसून रडले.

मॅडमनी पुन्हा नीट विचारलं, "काका, चांद ना नाव तुमचं?" तर परत गप्प. डोळ्यांत पाणी.

मग मला सांगावं लागलं. अब्बा उभी हयात तमाशात सोंगाड्या होते. दसऱ्याला फडाबरोबर बाहेर पडायचे ते जत्रा संपल्यावरच जुन्नरला परत. हा सवाल-जवाब त्यांच्या वगातला, हजारदा म्हटलेला. मॅडम म्हणाल्या की पाठ झालेलं बोलणं डोक्यात एका जागी असतं आणि ताजं, त्या वेळेला सुचलेलं बोलणं दुसऱ्या जागी. त्यांची ती दुसरी जागा दुखावली आहे. गाणी, शिव्या, नमाज, पाढे येतात, पण पाणी मागता येत नाही. "पाठ आहे ते रोज म्हणवून घ्या. त्याचा धागा धरून कधी कधी नवीन येतं. खात्री नाही देणार मी."

खात्री कोण मागतंय. धागा आहे एवढं पुरे.

२४ एप्रिल, गुरुवार

दुकानातून लवकर निघाले. (मालक भिमाजीशेठ चांगले आहेत. चष्मे विकणारा माणूस असून बऱ्याच गोष्टी न बघितल्यासारख्या करतात.)

अब्बांसमोर बसले, पण पंचाईत अशी की सोंगाड्याला जवाब यायला आधी कुणीतरी सवाल टाकावा लागतो. तो चुकला तर जवाब येत नाही. मी लहानपणी अब्बांना दोनदाच पाहिलंय, तेही जत्रेत थोरल्या परवेजभाईच्या खांद्यावरून. फड कधीच मोडला. वग कुठे लिहिलेला नव्हता.

मी म्हटलं, "प्रधानजी, राज्यात कसं काय चाललंय?" अब्बा नुसते बघत राहिले.

ओट्यापाशी अम्मी भाकरी थापत होती. पाठ आमच्याकडे. तिथूनच म्हणाली, "कसं काय न्हाई. 'प्रधानजी, राज्यात काय हालहवाल?'"

आणि अब्बा म्हणाले, "हाल हायेत म्हाराज, हवाल कुटं दिसंना!"

मी थक्क. "अम्मी, तू कधी बघितलास वग?"

"मी कुटं बगनार? आपल्यातल्या बायका जातात व्हय तमाशाला?"

"मग पाठ कसं?"

"घरी आले की हितं बसून तालीम करायचे. समोर कुनीतरी लागतं ना सवाल टाकायला." आणि तिनं भाकरी उलटली.

खरं आहे ते. अब्बा घरी असले की बाकी बोलणं नाहीच. जगाला हसवून यायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. अम्मीशी बोलायचे ते वगातलं, नाहीतर मीठ-मिरचीपुरतं. अम्मीचं माहेर ओतूरचं. तिला विनोदातलं काही कळत नाही, मी आजवर तिला हसताना फारशी पाहिलेली नाही. पण पाठांतर दांडगं आहे. उद्यापासून तिच्याकडून सगळे सवाल लिहून घेणार.

२८ एप्रिल, सोमवार

काल पुण्याला ओपन माइक होता. एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर सुदर्शन दर रविवारी भरवतो. सुदर्शन ओतूरचा, पुण्यात नोकरी करतो आणि नोकरीपेक्षा हे जास्त मन लावून करतो. वर्षभर मी तिथं चष्म्याच्या दुकानातले किस्से सांगते. बरी हसतात माणसं. बरी म्हणजे पुढच्या वेळी मला बोलवायला हरकत नाही, इतपत.

काल मी ते सगळं बाजूला ठेवलं आणि मंचरचा प्रसंग सांगितला. केळं, गाय, छत्री, आणि मग "घरात का दारात?"

असा हशा मला आजवर मिळालेला नाही. पायाखालची फळी हलली, खरंच.

खाली उतरले. सुदर्शननं पाठीवर थाप मारली. "हे तुझं आहे अर्शिया. हे कुणाकडे नाही."

हे माझं आहे का? बसमध्ये राजगुरुनगरपर्यंत हाच विचार. मग ठरवलं की विचार नंतर करीन, आधी नीट लिहून काढते.

३ मे, शनिवार

सुदर्शनचा फोन. आळेफाट्याला मंगल कार्यालय घेऊन तो स्टँड-अपचा पहिला मोठा कार्यक्रम करतोय, एक जूनला. तिघं जण, आणि शेवटचा नंबर माझा. आपल्या भागात, आपल्या माणसांसमोर! पुण्यात माणसं अनोळखी असतात, पडलं तर पडलं. इथं पडलं तर दुसऱ्या दिवशी तीच माणसं दुकानात नंबर तपासायला येणार.

हो म्हटलं.

संध्याकाळी अब्बांना मागच्या रविवारचा माझा व्हिडिओ दाखवला. त्यांच्यावरच आहे, तर त्यांना आधी कळायला हवं. ते एकटक बघत होते. हसले नाहीत. माझा हशा आला तिथं त्यांनी डावा हात वर केला आणि आम्ही लहानपणी दंगा केला की म्हणायचे तसं म्हणाले, "हळू."

मी आवाज कमी केला. त्यांनी मान हलवली, परत "हळू." आणखी कमी केला. तेव्हा त्यांनी डोळेच मिटले. आवाजाचा त्रास होतो बहुतेक. सोनल मॅडमना विचारायला हवं.

९ मे, शुक्रवार

परवेजभाई आला होता. त्याचं आळेफाट्याला ट्रकचं गॅरेज आहे, शुक्रवारी नमाज झाली की अब्बांना बघायला येतो. आज चपला न काढता दारातच उभा राहिला.

"अर्शू, तो व्हिडिओ कुनी टाकला?"

सुदर्शननं टाकला होता. मला विचारून.

"मी गाडीखाली झोपलो व्हतो. वरनं डायवर एकटाच हसतोय. म्हनला, परवेजभाऊ, हे बगा लई भारी हाय. मी बाहेर आलो, बगितलं. आणि हसलो राव. आधी हसलो, मग कळलं बाप कुनाचा हाय."

"भाई, मी अब्बांची चेष्टा नाही केली."

"मला तुझा राग न्हाई. मी हसलो त्याचा राग हाय." तो असं म्हणाला आणि अब्बांच्या पायाशी जाऊन बसला.

अम्मी मधल्या दारात होती. "ह्यांचा तमाशा व्हायचा तेवढा झाला," ती म्हणाली. "आता तू करनार?"

मी रागावले. खूप बोलले. जे घडलंय ते सांगायचं नाही का, रडून सांगितलं की चालतं आणि हसून सांगितलं की पाप का, असलं. अम्मीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लई बोललीस. आता पानी पी."

तिच्याशी भांडताही येत नाही.

१२ मे, सोमवार

हे लिहायला जड जातंय, पण लिहिते.

काल पुण्यात मी अब्बांचं तोंड करून दाखवलं. उजवीकडून ओघळलेलं. ठरवलेलं नव्हतं, बोलता बोलता झालं. सगळ्यात मोठा हशा तिथं आला. मग मी ते परत केलं. परत हशा.

आज सकाळी अब्बांना चहा भरवत होते. उजव्या कोपऱ्यातून चहा सांडतो, तो पुसायला रुमाल नेला आणि माझा हात जागीच राहिला. ते माझ्याकडे बघत होते. त्यांना काहीच माहीत नव्हतं. शेवटी त्यांनीच डाव्या हातानं माझ्या हातातला रुमाल घेतला आणि तोंड पुसलं.

दुपारी सुदर्शनला फोन केला. तोंडाचं ते काढून टाकतेय.

"वेडी आहेस का? तोच तुझा हमखास हशा आहे. त्याच्यावरच तर तुला शेवटी ठेवलंय."

"मग नको ठेवूस शेवटी."

"मग पहिली जावं लागेल. माणसं अजून खुर्च्या शोधत असतात, चहा पीत असतात. जमेल?"

"पहिली जाते," मी म्हटलं.

मग तो म्हणाला की एक कर, काकांनाच घेऊन ये. तोंड करून दाखवायचं नाही ना, मग ते स्वतःच येऊ देत. दोन-चार सवाल-जवाब. सोंगाड्या परत स्टेजवर, बोर्डावर. लोक उभं राहून टाळ्या वाजवतील.

मला तो विचार आवडला, आणि आवडला म्हणूनच भीती वाटली.

१९ मे, सोमवार

सोनल मॅडमना विचारलं. न बोलता येणाऱ्या माणसाला 'येता का' हे कसं विचारायचं? 'हो' म्हणाले तरी ते 'हो'च आहे हे कशावरून?

त्या म्हणाल्या, "एकच गोष्ट उलटसुलट करून विचार. दोन्हीला मान हलली तर समज कळलेलं नाही. आणि नुसतं तोंडानं विचारू नकोस, वस्तू हातात दे."

कार्यक्रमात येऊ देणं बरोबर का, हेही विचारलं. त्या म्हणाल्या, "लोकांसमोर अडकले तर महिनाभर तोंड उघडणार नाहीत, असंही होऊ शकतं. आणि मोकळेही होऊ शकतात. मला ठाऊक नाही. तिथं तू त्यांच्या किती जवळ उभी असशील, त्यावर आहे."

त्यांना ठाऊक नाही हे त्यांनी सरळ सांगितलं, त्याचा मला आधारच वाटला.

२० मे, मंगळवार

सुदर्शनकडचा एक जुना माइक आणला आणि अब्बांच्या हातात दिला. त्यांनी डाव्या हातात फिरवून बघितला, बोटानं दोनदा टकटक केली, कान लावला आणि मला परत दिला. तोंड फिरवलं.

'नको' म्हणाले असावेत. ठीक आहे. मी एकटी जाईन. पहिली जाईन. खुर्च्या शोधणाऱ्यांना हसवीन.

२३ मे, शुक्रवार

परवेजभाईला मी माइकचं सांगितलं, तर तो म्हणाला, "बंद माइक दिलास व्हय? सोंगाड्याला? अगं, मेकॅनिकच्या हातात प्लास्टिकचा पाना दिल्यासारखं झालं ते."

आणि गेला. तासाभरानं कुणाच्या तरी लग्नातला स्पीकर आणि मशीन टेम्पोत घालून हजर. अंगणात वायर ओढली, माइक जोडला, अब्बांच्या हातात दिला. अब्बांनी बोटानं टकटक केली. पूर्ण गल्लीत टक टक. समोरच्या साळुबाई दारात आल्या. अब्बांनी फुंकर मारली. मग माइक छातीशी धरला आणि चहा येऊन गार होईपर्यंत सोडलाच नाही.

मी मॅडमनी सांगितलं तसं विचारलं. "अब्बा, आळेफाट्याला माझ्यासोबत यायचं?" मान वरून खाली. "का घरी बसायचं?" मान डावीकडून उजवीकडे, आणि माझ्यावर असे डोळे वटारले की मी लहान झाले.

भाई म्हणाला, "गाडी मी आनतो. मागची शिट काढून गादी टाकतो."

अम्मी पायरीवर बसून गहू निवडत होती. तिला म्हटलं, "तुला पटत नाही माहितेय. तू नाही आलीस तरी चालेल."

"मी येते," ती म्हणाली. "त्यांचं तोंड पुसायला कुनीतरी लागंल. तू बोलशील का पुसशील?"

बिचारी. हॉलभर आरडाओरडा, गर्दी, तिला कसलं सहन होणार.

३१ मे, शनिवार

उद्या. अब्बांची तालीम तीन सवालांची. माझ्या तोंडून सवाल गेला की कधी जवाब येतो, कधी नाही. अम्मीनं ओट्यावरून टाकला की दरवेळी येतो. ती मोठ्यांदा बोलते, म्हणून असेल. उद्या माझ्याकडे माइक असेल, तेव्हा आवाजाचा प्रश्न नाही.

भीती वाटतेय. तरी जाणार.

२ जून, सोमवार

सकाळी उठून लगेच लिहायला बसलेय, काही सुटायला नको.

कार्यालयात दोनशेच्या वर माणसं होती. कांद्याचे व्यापारी, कॉलेजची पोरं, गॅरेजवाले झाडून सगळे, भिमाजीशेठ सहकुटुंब. पहिल्या रांगेत अम्मी, डोक्यावर पदर, मांडीवर रुमाल आणि पाण्याची बाटली. अब्बांना आधीच बोर्डावर कडेला खुर्चीत बसवलं होतं. सुदर्शन म्हणाला, अंधारात ठेवू आणि एकदम लाइट टाकू. मी नाही म्हटलं. ते पहिल्यापासून दिसत राहतील, नुसते बसलेले, एखाद्या लग्नात बसतात तसे.

पहिली मीच. माणसं खरंच खुर्च्या शोधत होती. मी त्या म्हातारीपासून सुरुवात केली, जिच्या डोळ्यांवर मी काचेमागून काच चढवून विचारलं, "आजी, आता दिसतंय का अक्षर?" तर म्हणाली, "दिसतंय की गं बाई झकास. वाचता येत न्हाई." मागची माणसं उभ्या उभ्याच हसली. मोठ्या हॉलमध्ये हशा उशिरा पोचतो आणि उशिरा उतरतो, त्यामुळे मला दरवेळी थांबून राहावं लागलं. गंमत म्हणजे थांबलं की आणखी हसत होते. अब्बांचं 'हळू' आठवलं.

मग दवाखाना सांगितला. केळं, गाय, छत्री. तोंड वाकडं केलं नाही. माणसं ऐकताना मधेमधे अब्बांकडे बघत होती, आणि अब्बा त्यांच्याकडे.

"हे माझे अब्बा," मी म्हटलं. "चांदभाई सोंगाडे. तुमच्यातल्या काहींच्या वडिलांना यांनी हसवलंय. आज ते मला सोबत म्हणून आलेत."

टाळ्या. मी त्यांच्याजवळ गेले, माइक त्यांच्या डाव्या हातात दिला आणि मोठ्यानं म्हटलं, "प्रधानजी, राज्यात काय हालहवाल?"

काही नाही.

परत म्हटलं. त्यांचे ओठ हलले. माइकमधून नुसता श्वास आला, दोनशे माणसांना ऐकू जाईल असा. कपाळावर घाम. हॉलमध्ये एक खुर्ची करकरली. कुणीतरी खोकलं. मागून एक पोरगं म्हणालं, "जाऊ द्या काकांना." ते चांगल्या मनानंच म्हणालं होतं आणि म्हणूनच ऐकवेना. मला वाटलं, संपलं. मी बापाला इथवर आणून उघडं पाडलं. सोनल मॅडम म्हणाल्या होत्या. मी माइक परत घ्यायला हात पुढे केला. अब्बांनी दिला नाही. घट्ट धरून बसले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला. माइक नाही, काही नाही.

"प्रधानजी! राज्यात काय हालहवाल?"

अम्मी. जागेवरच बसलेली, पदर डोक्यावर, बाटली मांडीवर.

अब्बांनी तिच्याकडे पाहिलं. "हाल हायेत म्हाराज," ते म्हणाले, आणि थांबले. इतके थांबले की माझा जीव गेला. "हवाल कुटं दिसंना!"

छप्पर उडालं. खरंच सांगते, कांद्याचे व्यापारी मांड्या बडवत होते. अम्मीनं हशा ओसरू दिला आणि दुसरा सवाल टाकला, "आरं, माज्या पायावर पाय कुनी दिला?" अब्बा: "पायच हाय ना म्हाराज, पायरी न्हाई. चढून कुटं जानार!" मग तिसरा. मग चौथा, जो आम्ही बसवलेलाच नव्हता. मग पाचवा. अम्मी उठून उभी राहिली होती. हात कमरेवर. राजा ती, प्रधान ते. मी मधे उभी, हात रिकामे, करायला काही नाही. मी नुसती बघत होते. अब्बांचं वाकडं तोंड तसंच होतं, कोपऱ्यातून लाळ ओघळत होती, आणि त्यावर कुणी हसत नव्हतं. हसत होते ते शब्दावर.

सातवा की आठवा जवाब झाल्यावर अम्मीनं पाहिलं की अब्बा दमलेत. तिनं रुमाल झटकला आणि तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बास. चला आता घरी."

हे वगात नाही.

अब्बा तिच्याकडे बघत राहिले. ओठ जुळले, सुटले, परत जुळले. माइक हनुवटीपाशी होता.

"थांब," ते म्हणाले. "थांब ना."

हेही वगात नाही. कुठल्याच वगात नाही. हे कुणाला पाठ नव्हतं. हे नवीन होतं, मला कळलं. माणसांना वाटलं हाही सवाल-जवाबच. सगळी हसली.

अम्मी तशीच उभी. तिनं अब्बांवरची नजर काढली नाही.

"जलमभर तेच केलं की," ती म्हणाली.

मग जे झालं त्याला हशा म्हणू का काय म्हणू. आधी हसले सगळे, मग हसता हसता बायका उभ्या राहिल्या, मग सगळेच. सुदर्शन कडेला उभा राहून डोळे पुसत होता. आमच्यानंतर जायचं होतं त्या दोघांची मला दया आली.

काय पंच मारला अम्मीनं! मी एवढं लिहिते, घोकते, आणि तिनं जागेवर उभं राहून मारला. फक्त ती स्वतः हसली नाही. पायऱ्या चढून वर आली, अब्बांचं तोंड पुसलं आणि त्यांच्या खुर्चीच्या दांडीवर हात ठेवून तशीच राहिली. भाईनं गाडी दाराशी लावली तरी दोघं हलेनात.

४ जून, बुधवार

अब्बा काल दिवसभर गप्प होते, आजही. मला धास्ती वाटली. मंचरला फोन केला. सोनल मॅडमनी 'थांब ना' दोनदा सांगायला लावलं. कुणाला म्हणाले, कशावर म्हणाले, आधी कोण काय बोललं. मग म्हणाल्या, "अर्शिया, दोन शब्द खूप झाले. आता घाई करू नकोस."

संध्याकाळी अम्मी त्यांच्यासमोर पाट घेऊन बसली होती. मी आत गेले तर दोघं एकमेकांकडे नुसती बघत होती. सवाल नाही, जवाब नाही. मला उगाच मधे आल्यासारखं वाटलं, म्हणून बाहेर आले.

१० जून, मंगळवार

सुदर्शनचे सारखे फोन. व्हिडिओ खूप लोकांनी पाहिला. नारायणगाव, संगमनेर, पुण्यात दोन ठिकाणी बोलावणं आहे. "पण तिघांना हं. काका-काकूंसकट."

मी काल रात्री विचार केला नाही, झोपले. आज सकाळी डोकं स्वच्छ होतं. त्याला सांगितलं, अब्बा येणार नाहीत. त्यांना वाटलं म्हणून ते एकदा आले. दर रविवारी त्यांना खुर्चीत बसवून गावोगाव न्यायचं म्हणजे परत दौराच. तो त्यांनी केलाय.

"मग तुझ्या एकटीचं कोण तिकीट काढणार?" तो तोडून बोलत नव्हता, खरंच विचारत होता.

"चाळीस जण काढतील. चाळीस पुरे. मी नवीन लिहीन आणि परत पहिली जाईन."

तो हसला. म्हणाला, "नारायणगावला वीस मिनिटं ठेवतो. पाडलंस तर माझी जबाबदारी नाही."

नाहीच आहे. माझी आहे.

पण लिहायचं काय? दुकानातलं संपलं. अब्बांचं सांगून झालं, आणि ते आता त्यांचं त्यांना परत दिलं. ओट्यापाशी गेले. अम्मी कणीक मळत होती. आत अब्बा खिडकीत बसलेले.

"काय गं, तोंड का पाडलंस?"

"लोकांना आता काय सांगू, सुचत नाही."

"एवढी बोलतेस आणि सुचत न्हाई?"

मी तिच्या हाताकडे बघत होते. का कोण जाणे, एकदम तोंडून गेलं, "अम्मी, अब्बा दौऱ्यावर असायचे तेव्हा तू काय करायचीस?"

तिचे हात कणकेत थांबले. हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. भाईनंही नसणार. तिनं आधी आत अब्बांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, खरंच विचारतेय का उगाच, हे बघितल्यासारखं.

"लोकांना सांगनार?"

"तू म्हणशील तर."

"सांग. पर खोटं नको सांगू. आणि मला म्होरं बशीव, मागनं ऐकू येत न्हाई."

"चालेल."

तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि गॅस बंद केला. इतक्या वर्षांत स्वयंपाक अर्धा टाकलेला मी पहिल्यांदा पाहिला.

"बस मग," ती म्हणाली. "येळ हाय ना तुला? लई हाय ते."

मी भिमाजीशेठना फोन केला आणि सांगितलं, आज दुकानात येत नाही.